नीट-सीईटी टेस्ट सिरीजचा रिव्ह्यू: तुक्का मोजून मारायला शिकवलं, पण सीईटीचं सेटिंगच चुकवलं

बारा रविवार, साडेसात हजार फी, वेळ दुपारी दोन ते पाच. नाशिकमधल्या एका छोट्या क्लासची टेस्ट सिरीज आहे, शिकवणी नाही, फक्त पेपर सोडवून घेतात आणि मग त्या पेपरची चिरफाड करतात. माझी मुलगी (बारावी पीसीबी म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी, मेडिकलची नीट आणि राज्याची सीईटी) आणि माझ्या दिरांचा मुलगा (पीसीएम म्हणजे बायोलॉजीच्या जागी मॅथ्स, इंजिनीअरिंगची जेईई मेन आणि सीईटी) दोघंही २०२५ च्या परीक्षांसाठी या बॅचला होते. क्लासचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे एक मोठी तक्रार आहे आणि मला कुणाची बदनामी करायची नाही. पण अशा सिरीज आता गल्लोगल्ली निघाल्यात आणि पैसे भरताना नेमकं काय बघून घ्यायचं हे मला तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिल्या रविवारी पालकांनाही बसवलं होतं. सरांनी काही भाषण वगैरे न करता फळ्यावर पाच आकडे लिहिले, ७२०, ७१९, ७१८, ७१६, ७१५, आणि विचारलं की नीटमध्ये यातले कुठले मार्क कुणालाच पडू शकत नाहीत. पोरं गोंधळली, आम्हीसुद्धा. मग हळूहळू उलगडलं. १८० प्रश्न, बरोबरला ४, चुकला की १ वजा, सोडला तर शून्य. सगळे बरोबर म्हणजे ७२०. एक सोडला तर ७१६. एक चुकला तर ४ तर गेलेच वर १ गेला, म्हणजे ७१५. मधले ७१७, ७१८, ७१९ पडायचा रस्ताच नाही. २०२४ ला ज्या मुलांना ७१८ आणि ७१९ पडले होते आणि देशभर एवढा गोंधळ झाला होता, तो यामुळेही लोकांच्या नजरेत आला. वेळ वाया गेला म्हणून १५६३ मुलांना जे वाढीव मार्क दिले होते त्यातून ते आकडे आले होते, नंतर ते मार्क काढून घेतले. सर म्हणाले, ज्याला हे गणित पाठ नाही त्याने पेपरमध्ये कुठला प्रश्न सोडायचा आणि कुठला ठोकायचा हे ठरवूच नये. मला ते तिथेच पटलं. आमच्या घरात आदल्या दिवसापर्यंत या विषयावर जे काही बोललं जायचं ते सगळं अंदाजपंचे दाहोदरसे होतं. आजोबा म्हणायचे येत नसेल तर सोडून दे, शेजारचे म्हणायचे काही सोडू नको, आणि मुलगी दोघांचं ऐकून रडकुंडीला यायची.

पुढचा तास मला तरी पूर्ण पैसे वसूल वाटला. चार पर्याय आहेत आणि प्रश्नातलं ओ की ठो कळत नाहीये असं धरा. असे चार प्रश्न डोळे झाकून भरले तर सरासरीने एक बरोबर येणार, ४ मिळाले, तीन चुकले, ३ गेले, हातात राहिला १. म्हणजे आंधळ्या तुक्क्यालाही दर प्रश्नाला सरासरी पाव मार्क मिळतो, गमवायला होत नाही. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं आणि तीनातून निवडलं तर तेच साधारण ०.६७ होतं, आणि दोन पर्याय उडवता आले तर दीड मार्क. सगळ्यात कामाचं वाक्य त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं आणि ते बारा आठवडे फळ्याच्या कोपऱ्यात तसंच होतं, पाचात एक. म्हणजे पाच प्रश्नांवर अंदाज लावला आणि एकच बरोबर आला तरी हिशोब शून्यावर येतो, ४ आले ४ गेले. तुमचा अंदाज पाचात एकापेक्षा जास्त वेळा लागत असेल तर लावा, कमी लागत असेल तर हात आखडा.

माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिच्या मुलीने सॅट (तिकडची कॉलेज प्रवेशाची परीक्षा) दिली आहे. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली तिकडे पूर्वी पाच पर्याय असायचे आणि चुकीला पाव मार्क कापायचे, म्हणजे आंधळा तुक्का बरोब्बर शून्यावर यायचा, आणि २०१६ पासून तर कापणंच बंद केलंय. तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे चार पर्यायांना ४ मार्क आणि १ वजा, हा दंड खरं तर तुक्का शून्यावर आणण्याइतका नाहीचे. त्यासाठी चुकीला मार्काचा एक तृतीयांश कापावा लागेल, म्हणजे ४ ला एक पूर्णांक एक तृतीयांश. पण निगेटिव्ह हा शब्दच असा आहे की पोरं घाबरून चांगले धरता येतील असे प्रश्न सोडून येतात.

आता हे सरासरीचं गणित यूट्यूबवरही मिळेल, त्यासाठी साडेसात हजार कशाला. पैसे जातात ते एका कागदासाठी. क्लासमध्ये त्याला खात्रीचा कागद म्हणतात. साधा ए फोर कागद, १८० चौकोन छापलेले, ओएमआर शीटच्या (उत्तरांचे गोल भरायच्या कागदाच्या) शेजारी ठेवायचा. प्रश्न सोडवला की त्या नंबरच्या चौकोनात खूण करायची, पूर्ण खात्री असेल तर टिक, दोन पर्यायांत अडकले असेल तर अर्धा गोल, काहीच माहीत नसताना भरला तर फुली. बस एवढंच. खरी परीक्षा नसल्यामुळे त्यात दोन-तीन मिनिटं जातात तर जाऊ देत असं ते म्हणायचे. पेपर तपासल्यावर रिपोर्टमध्ये नुसते मार्क येत नाहीत, टिकवाले किती बरोबर, अर्ध्या गोलवाले किती, फुलीवाले किती, आणि ते सगळं विषयवार येतं.

मुलीचा सहाव्या पेपरचा रिपोर्ट माझ्यासमोर आहे. बायोलॉजीत १४ अर्धे गोल, त्यातले ९ बरोबर, म्हणजे ३६ मधून ५ गेले, ३१ मार्क. फिजिक्समध्ये ११ अर्धे गोल, ३ बरोबर, १२ मधून ८ गेले, उरले ४. केमिस्ट्रीत ८ अर्धे गोल आणि फक्त १ बरोबर, ४ आले ७ गेले, वजा ३. तीनही ठिकाणी तिला स्वतःला मात्र वाटत होतं की फिफ्टी-फिफ्टी आहे. माझ्या मते हीच या सिरीजची सगळ्यात मोठी देणगी, कारण पोरं म्हणतात फिफ्टी-फिफ्टी पण ते कधी ६५ असतं आणि कधी १२ असतं, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही.

केमिस्ट्रीत असं का होत होतं तेही सरांनी तिच्यासोबत बसून काढलं, मी तेव्हा तिला न्यायला गेले होते म्हणून ऐकलं. ते आठही प्रश्न इनऑरगॅनिकचे. तिला आवर्त सारणीत डावीकडून उजवीकडे आयनीकरण एन्थाल्पी (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) वाढते एवढं आठवत होतं, मग नायट्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये कुणाची जास्त असं आलं की ती ऑक्सिजनला गोल भरून मोकळी. प्रत्यक्षात नायट्रोजनची जास्त, त्याचं पी ऑर्बिटल अर्धं भरलेलं असतं म्हणून. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं की अर्धवट वाचलेली मुलं नेमकी कुठे पाय ठेवतील, तो पर्याय तिथे मुद्दाम असतो. म्हणजे काहीच न वाचलेल्या मुलाचा तुक्का चारात एक लागतो आणि अर्धवट वाचलेल्याचा त्याहून कमी लागतो. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला कारण माझी मुलगी अर्धवट वाचणारी नाहीये, मेहनत करते, फक्त अपवादांची पानं तिने शेवटी ठेवली होती. त्यानंतर तिने दोन आठवडे फक्त अपवादांची वही केली आणि तोवर इनऑरगॅनिकला अर्धा गोल दिसला की सोडायचा असं ठरवलं. दहाव्या पेपरात तिचे केमिस्ट्रीचे ६ अर्धे गोल होते, ३ बरोबर आले.

पर्याय उडवायच्या युक्त्यांवर दोन रविवार पेपर लवकर आटपून चर्चा झाली. फिजिक्समध्ये एकक बघायची सवय लावली. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचा आवर्तकाल विचारलाय, चार पर्यायांतल्या दोनात मुळाखाली के (स्प्रिंगचा स्थिरांक) भागिले एम (वस्तुमान) आहे आणि दोनात एम भागिले के, तर के भागिले एमच्या मुळाचं एकक सेकंद येतच नाही, एक भागिले सेकंद येतं, दोन पर्याय तिथेच गेले आणि बाकी काही न येता दीड मार्काचा प्रश्न झाला. जोड्या लावाला एक जोडी पक्की माहीत असेल तर बहुतेक वेळा दोन पर्याय उडतात, मोनॅस्कस परप्युरियस या बुरशीपासून स्टॅटिन हे औषध मिळतं एवढं एक माहीत असलं तरी सायक्लोस्पोरिन कुठून येतं ते आठवायच्या आधीच निम्मं काम होतं. विधान आणि कारण वाल्या प्रश्नात आधी कारण वाचायचं, नीटमध्ये ते जसे पर्याय देतात त्यात कारण चुकीचं आहे हे नक्की कळलं तर एकच पर्याय उरतो, विधान बरोबर कारण चूक, म्हणजे विधानाबद्दल शंका असली तरी उत्तर मिळालं. मुलगी आधी विधानावर दोन-दोन मिनिटं घालवायची.

आणि एक गोष्ट त्यांनी फार कळकळीने मोडून काढली ती म्हणजे सलग तीन बी येत नाहीत, सगळे सी मारले की जास्त लागतात असल्या समजुती. माझ्या पुतण्याने एका पेपरात सलग चौथा सी आला म्हणून स्वतःचं बरोबर आलेलं उत्तर खोडलं होतं. सरांनी त्याला रागावलं नाही, मागच्या वर्षांच्या उत्तरसूच्या काढून दिल्या आणि म्हणाले यात सलग एकच अक्षर कुठे कुठे आलंय ते पेन्सिलने गोल करून आण. तो करून घेऊन गेला, त्यानंतर ते खूळ गेलं.

या पुतण्याची दुसरी सवय जेईईला महागात पडली असती. जेईई मेनमध्ये प्रत्येक विषयाला २० पर्यायी आणि ५ संख्यात्मक प्रश्न, एकूण ७५, ३०० मार्क. त्याला त्याच्या एका सीनिअरने सांगितलेलं की संख्यात्मकला निगेटिव्ह नसतं, काहीतरी टाकून यायचं. ते २०२१ पर्यंत खरं होतं, आता तिथेही १ कापतात, आणि पर्यायच नसल्यामुळे अंदाज लागायची शक्यता नसल्यातच जमा. पहिल्या मॉकमध्ये (सराव परीक्षेत) त्याचे असे ६ मार्क गेले, मग लगेच सुधारलं. जुनी पुस्तकं, जुने सीनिअर यांच्याकडून मार्किंग स्कीम घेऊ नका, त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः उघडून वाचा, नीटचंही २०२१ ते २०२४ वेगळं होतं, २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे आणि २०२२ पासून २० मिनिटं जास्त, २०२५ ला परत १८० प्रश्न आणि १८० मिनिटं झालं.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. पेपर बरोबर दोनला सुरू, कारण नीट दुपारी दोनला असते, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात जेवून पेपरला बसायची सवय शरीराला लागावी म्हणून वेळ बदलत नाहीत. पंखे आहेत, एसी नाही, लाईट दोनदा गेली तरी पेपर थांबवला नाही, मला आधी राग आला होता पण मुलगी म्हणाली आई तिथे पण जाऊ शकते. हातातलं घड्याळ काढून ठेवायला लावतात कारण नीटला घालू देत नाहीत. ओएमआर शीट चांगल्या जाड कागदाची. तिसऱ्या पेपरात मुलीने सगळी उत्तरं आधी पुस्तिकेवर खुणा करून ठेवली आणि शेवटी गोल भरायला घेतले, घंटा झाली तेव्हा २० गोल राहिले होते, उत्तरं येत असून. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. पुढच्या पेपरपासून एक पान झालं की त्या पानाचे गोल, ही शिस्त त्यांनी सगळ्यांनाच लावली आणि देखरेखीला असलेल्या मॅडम फिरून बघायच्या. एवढं लक्ष मोठ्या क्लासमध्ये कुणी देईल असं मला वाटत नाही.

आता तक्रार.

सीईटीला निगेटिव्ह नाही. हे सगळ्यांना माहीत असतं असं आपण धरून चालतो. पीसीएमला पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न एकेका मार्काचे, मग ९० मिनिटांत मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, पीसीबीला मॅथ्सच्या जागी बायोलॉजीचे १०० एकेका मार्काचे, एकूण २००. चुकीला काही कापत नाहीत. म्हणजे पाचात एक वगैरे काही लागू नाही, एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही, विषय संपला. पण या क्लासच्या सॉफ्टवेअरमध्ये सीईटीच्या मॉकला सेटिंग जेईईचंच राहिलं होतं, चुकीला १ वजा. पहिल्या सीईटी मॉकमध्ये मुलांनी ते बघितलं आणि त्यांना वाटलं की यावर्षी नियम बदललाय. दुसऱ्या मॉकला पुतण्याने मॅथ्सचे १७ प्रश्न सोडून दिले. ३३ सोडवले, २६ बरोबर, ७ चूक. खरे मार्क ५२, रिपोर्टवर दिसले ४५. आणि ते १७ नुसते क्लिक केले असते तर सरासरीने चारेक लागले असते, म्हणजे आणखी ८. म्हणजे जो मुलगा साठच्या आसपास आहे त्याला कागद सांगतोय तू ४५ चा. तो दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही, त्याची आई मला फोन करून विचारत होती वहिनी याला झालंय काय.

मी रिपोर्ट घेऊन गेले तर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं सगळ्या टेस्ट सारख्याच असतात मॅडम. मी माहितीपत्रक उघडून दाखवलं, तो म्हणाला सरांना सांगतो. सर तेव्हा आजारी होते असं नंतर कळलं, त्यांची तब्येत मी समजू शकते, पण सेटिंग बदलायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत आणखी एक सीईटी मॉक तशीच झाली. सगळ्यात वाईट हे की आधीचे रिपोर्ट सुधारून पाठवले नाहीत, मुलांना एकत्र बोलावून चूक झाली असं सांगितलंही नाही, फक्त पुढच्या मॉकपासून गुपचूप नीट झालं. ज्यांच्या पालकांनी रिपोर्ट नीट बघितला नाही त्यातली किती मुलं खऱ्या सीईटीला प्रश्न सोडून आली असतील हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. जो क्लास नीटला एकेका मार्काचा एवढा बारीक हिशोब शिकवतो त्याने सीईटी म्हणजे पोटापाण्याची दुय्यम परीक्षा असल्यासारखं वागू नये. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग, फार्मसी, ॲग्रीच्या बहुतेक जागा त्यावर भरतात, माझ्या ओळखीतल्या दहातल्या आठ मुलांचं ॲडमिशन शेवटी सीईटीवरच झालंय.

दुसरी तक्रार अंदाजे पर्सेंटाइलची. रिपोर्टच्या खाली ते लिहितात तुमचा अंदाजे पर्सेंटाइल इतका. तो काढतात बॅचमधल्या १४० मुलांवरून. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तुमच्या सत्रात बसलेल्या दर शंभर मुलांमागे किती मुलं तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क घेऊन आहेत ते. सीईटी आणि जेईई वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या सत्रांत होते, एखाद्या सत्राचा पेपर अवघड गेला तर तिथे कमी मार्कांनाही तेवढाच पर्सेंटाइल येतो, म्हणून तर ती पद्धत आहे. नाशकातल्या एका हॉलमधली १४० मुलं, तीही क्लास लावणारी, यांच्यावरून राज्यातला पर्सेंटाइल कसा सांगणार. पुतण्याला एकदा ७१ दिसला आणि पुढच्या आठवड्यात ९३, दोन्हीचा काही उपयोग नव्हता, त्रास मात्र झाला. तो रकाना काढून टाका असं मी त्यांना लेखी दिलंय.

एका मुद्द्यावर माझं आणि सरांचं पटलं नाही, पण ती तक्रार नाही. नीटला जे प्रश्न वाचायलाच वेळ मिळाला नाही त्यांना हात लावू नका असं ते सांगतात. मी विचारलं, सर तुम्हीच शिकवलंत की आंधळ्यालाही सरासरी पाव मार्क मिळतो, मग का सोडायचे. ते म्हणाले, ताई सरासरी खरी आहे, पण दहा प्रश्न असे भरले तर साधारण चारात एकदा हिशोब वजात जातो, आणि शेवटच्या दोन मिनिटांत न वाचलेल्यांचे गोल भरायच्या नादात पोरं वाचलेल्यांचे गोल एक ओळ खाली सरकवतात, ते मी दरवर्षी बघतो. शिवाय मार्क सारखे पडले तर आधी बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचे मार्क बघतात आणि तिथेही सारखे असतील तर ज्याचं चुकलेल्यांचं बरोबरशी प्रमाण कमी तो वर जातो. मला अर्धं पटलं. गोल सरकतात हे खरं आहे, तिसऱ्या पेपरात आम्ही घाईचे हाल बघितले होते. पण ज्या मुलाचा हात शांत आहे आणि तीन मिनिटं शिल्लक आहेत त्याने मोकळे का ठेवावेत हे मला अजून कळलेलं नाही.

४ मे ला नीट झाली, फिजिक्स किती अवघड होतं ते ज्यांच्या घरात मूल होतं त्या सगळ्यांना माहीत आहे. सेंटरवरून बाहेर येणारी मुलं रडत होती, आमची रडत नव्हती पण गप्प होती. पुस्तिका घरी आणता येते म्हणून संध्याकाळी क्लासमध्ये सगळ्यांना बसवून सरांनी मार्क काढून दिले, नंतर एनटीएची (नीट घेणाऱ्या संस्थेची) उत्तरसूची आल्यावर परत ताडून बघितले, एका गोलाचा फरक निघाला. फिजिक्समध्ये तिने २१ खात्रीने सोडवले होते, १२ अर्धे गोल, आणि १२ मोकळे ठेवले, त्यातले बरेच वाचून सोडलेले, शेवटचे चारेक न वाचलेले. १२ अर्ध्या गोलांतले ५ लागले, २० मधून ७ गेले, १३ मार्क. जानेवारीत हीच मुलगी निगेटिव्हच्या भीतीने ते बाराच्या बारा सोडून आली असती, तेव्हाचे पेपर आहेत माझ्याकडे. तिने मला त्या रात्री एवढंच सांगितलं, आई मला कळत होतं मी काय करतेय. पूर्ण पेपरात तीन तास तिचं डोकं ठिकाणावर राहिलं, माझ्यासाठी ते १३ मार्कांपेक्षा मोठं आहे.

पुतण्याची सीईटी त्याआधी झाली होती. मॅथ्सचे ११ प्रश्न राहिले होते, शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा त्याने सगळे क्लिक करून सेव्ह केले, नंतर लॉगिनमध्ये बघितलं तर ३ लागलेले, ६ मार्क. दोन मिनिटं राखून ठेवायची ही सवय मात्र त्याला क्लासने नाही, घरी आम्ही लावली, तो रिपोर्ट बघितल्यानंतर.

कुणाला घ्यावी ही सिरीज? ज्यांचा सिलॅबस जानेवारीपर्यंत एकदा तरी पूर्ण झालाय त्यांनी. अर्धा सिलॅबस बाकी असेल तर ते साडेसात हजार आणि बारा दुपारी अभ्यासाला द्या, कारण उडवायला पर्याय सापडायला आधी काहीतरी वाचलेलं लागतं. नुसते पेपरच हवे असतील तर एनटीएच्या साईटवर मॉक फुकट आहेत, मागच्या वर्षांचे पेपर पण आहेत, खात्रीचा कागद घरी वहीत पण आखता येतो, मात्र तो आई-बापासमोर प्रामाणिकपणे भरणारी मुलं थोडी असतात, तिथे तिसरा माणूस लागतो. लातूरला किंवा पुण्याला मुलं ठेवलेल्यांनी तिथेही विचारताना हेच विचारा, की रिपोर्टमध्ये चुकलेले आणि सोडलेले वेगवेगळे दाखवता का, आणि सीईटीच्या मॉकला मार्किंग काय ठेवलंय ते स्क्रीनवर दाखवा. फी भरायच्या आधी दाखवा म्हणा, नंतर काउंटरवरचा मुलगा फोनच उचलत नाही.

नीटसाठी मी यांना साडेचार देईन, सीईटीसाठी दोन. एकूण साडेतीन स्टार. सरांचा मागच्या आठवड्यात फोन आला होता, म्हणाले डिसेंबरच्या बॅचला सीईटीचं वेगळं सॉफ्टवेअर घेतोय आणि पर्सेंटाइलचा रकाना काढलाय. माझ्या बहिणीची मुलगी त्या बॅचला जाणार आहे, तिच्या पहिल्या सीईटी मॉकचा रिपोर्ट बघते आणि मग स्टार बदलायचे का ते ठरवते.